मधली खुर्ची

१० ऑगस्ट, शनिवार

ती. आईस,

नमस्कार. एवढा तरी ठेवून घे, फोनसारखा मध्येच कापू नकोस.

पाकीट बघून दचकली असशील. घाबरू नकोस, इथे सगळं धड आहे. फोनवर बाबांचं नाव काढलं की तू म्हणतेस, 'दुसरं काही असेल तर बोल.' दुसरं काही नसतं, म्हणून फोन संपतो. मेसेज पाठवला तर चष्मा जवळ नव्हता. पत्र वाचायला तरी चष्मा शोधशील असं वाटलं. शिवाय फोनवर मोकळं बोलायची सोय मला घरात राहिलेली नाही. मी हॅलो म्हटलं की बाबा पेपर खाली करून बघतात.

बाबांची तब्येत उत्तम. माझ्यापेक्षा उत्तम. सकाळी फिरून येतात, सगळी वर्तमानपत्रं वाचतात, मग घर झाडायला घेतात. जन्मभर ग्रंथालयात काढलेला माणूस, धूळ दिसली की हात शिवशिवतात. माझ्या पुस्तकांचीसुद्धा त्यांनी विषयवार मांडणी केली आहे. मला आता एक पुस्तक सापडत नाही.

'चार दिवस राहीन' म्हणून आले होते. एक बॅग आणि स्वतःची उशी. उशी बघूनच मला कळायला हवं होतं. चार दिवसांसाठी कोणी उशी आणत नाही. आता दुसरा महिना संपत आला.

तुला माझं काम मी कधी नीट सांगितलं नाही. तूही चारचौघांत 'गाण्यांचं काहीतरी करते' असंच सांगतेस. आज सांगते, नाहीतर माझा वैताग तुला कळायचा नाही. गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा गायिका वेगळी, बासरी वेगळी, गिटार वेगळी, ताल वेगळा, असं सगळं सुटं सुटं येतं. तुझ्या शिवणकामाच्या भाषेत, कापड बेतून कापून माझ्यापुढे येतं. ते जोडून अंगावर नीट बसेल असं करायचं हे माझं काम. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे. हे ठरवायला माझ्याकडे दोन स्पीकर आहेत. त्यांना मॉनिटर म्हणतात. घरी गाणी ऐकायचे असतात तसले ते नव्हेत. ते गाणं गोड करून ऐकवत नाहीत. शिवण जिथे उसवली असेल तिथे उसवलेलीच ऐकवतात. प्रत्येकाच्या पोटात त्याचा स्वतःचा अँप्लिफायर असतो, म्हणून दोघांच्या वायरी वेगळ्या, दोघांची बटणं वेगळी, आणि दोघंही पाठीमागून कोमट असतात.

पण ते खरं बोलतात ते जागच्या जागी असले तरच. दोघं भिंतीपासून सारखे लांब हवेत, माझ्या कानांच्या उंचीवर हवेत, आणि त्या दोघांत जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर, बरोबर मधोमध, माझी खुर्ची हवी. खुर्ची हातभर सरकली तरी हिशेब चुकतो. त्या खोलीत ती जागा सापडायला मला वर्ष लागलं होतं.

त्या जागेवर आता बाबांची खाट आहे.

बाहेरच्या खोलीत त्यांना झोप येत नाही. लिफ्टचा आवाज येतो म्हणे. म्हणून माझं टेबल कोपऱ्यात गेलं. डावा स्पीकर कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात, त्यांच्या उशाशी, उजवा दाराजवळ. कोपऱ्यात आवाज फुगतो, घुमतो, त्याचा भरवसा राहत नाही. मी तशातच काम करते आहे. मी हेडफोन लावला की बाबा समोर येऊन हातवारे करतात, काढला की म्हणतात, "काही नाही, चहा घेणार का विचारत होतो." परवा स्पीकरवर त्यांचा रुमाल वाळत घातलेला होता. "गरम असतो, लवकर वाळतो," म्हणाले.

एका संगीतकाराचा आठ गाण्यांचा संच माझ्याकडे आहे. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालंय. माणूस सज्जन आहे, आवाज चढवत नाही. पण मी केलेली पहिली दोन्ही गाणी त्यानं परत पाठवली. म्हणाला, "डावीकडे कानाला टोचतंय." मी पुन्हा केलं, पुन्हा परत आलं. मला इथे डावीकडे उलट मंद ऐकू येतं, म्हणून मी तिकडची धार वाढवते, आणि त्याच्याकडे ते टोचतं. कोपऱ्याचा दोष, दुसरं काय. खाट हलवल्याशिवाय तो जायचा नाही.

म्हणून विनंती. तू बाबांना एक फोन कर. माफी मागू नकोस, रेडिओचा विषयही काढू नकोस. त्यांचा रेडिओ तू ते फिरायला गेले असताना भंगारवाल्याला दिलास, हे बरोबर की चूक, यात मला पडायचं नाही. नुसतं 'कधी येताय' एवढं विचार. त्यांना यायचंच आहे, फक्त कोणी विचारायला हवं आहे. परवा तुझी आठवणही काढली.

वाट बघते.

तुझी, स्वतःच्या घरात जागा नसलेली,
पिंगी


२९ ऑगस्ट, गुरुवार

ती. आईस,

नमस्कार. तुझं उत्तर मिळालं.

मी एवढं लिहिलं आणि तू चार ओळी. पहिलीत माझ्या पाठदुखीची चौकशी. दुसरीत मशीनचा पट्टा बदलल्याचं. तिसरीत, 'रेडिओ दिला त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांचा दिवस ग्रंथालयात गप्प बसण्यात गेला आणि संध्याकाळ रेडिओपुढे, माझ्या वाट्याला काय आलं?' आणि चौथी ओळ, 'त्यांना सांग,' इथून सुरू होणारी.

तिसरी ओळ वाचून मला तुझं पटलं. चौथी वाचून पत्र टेबलावर आपटलं.

'त्यांना सांग.' आई, मी तिसरीत असल्यापासून हे दोन शब्द ऐकतेय. 'बाबांना सांग, जेवण वाढलंय.' बाबा चार पावलांवर. 'आईला सांग, आलोच.' तू चार पावलांवर. मला वाटायचं, तुझं मशीन आणि त्यांचा रेडिओ, दोन्हींच्या आवाजात तुम्हाला एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून मला पाठवता. मशीन बंद असतानाही मलाच पाठवता, हे कळायला मला बरंच मोठं व्हावं लागलं. आणि मी नुसती निरोप्याही नव्हते. तू म्हणायचीस, 'जेवायचं असेल तर या म्हणावं.' मी जाऊन सांगायची, 'आई थांबलीय तुमच्यासाठी.' बाबा म्हणायचे, 'एवढी घाई असेल तर जेव म्हणावं तिला.' मी येऊन सांगायची, 'बातम्या संपल्या की येतायत.' तुमचा संसार मीच मऊ करून दोघांना ऐकवत होते. तुम्हाला कल्पनाही नसेल, किंवा असेल आणि सोयीचं असेल.

असो. इथे काय झालं ते सांगते.

गेल्या सोमवारी संगीतकाराचा फोन आला. म्हणाला, "मी बाकीची सहा गाणी दुसऱ्या स्टुडिओत देतोय. झालेली दोनही तिकडेच नव्यानं करून घेईन. तुमची काही अडचण असेल घरात, मला कळतंय." त्याला कळतंय हेच मला जास्त लागलं. मी 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार. गेली काही वर्षं फुटकळ जाहिराती आणि लोकांच्या वाढदिवसाची गाणी करत मी या कामाची वाट बघत होते, आणि ते 'बरं' म्हणून गेलं.

फोन ठेवला आणि डावा स्पीकर कोपऱ्यातून ओढून बाहेर काढला. कशासाठी, ते मलाही माहीत नाही. रागाला काहीतरी ओढायला हवं होतं. पाठ माझ्याकडे आली तेव्हा दिसलं. पाठीमागे एक छोटं बटण असतं, आवाजाची धार कमीजास्त करायचं. ते दोन्ही स्पीकरांचं मधल्या खुणेवर असायला हवं. उजव्याचं होतं. डाव्याचं पार खाली फिरवलेलं होतं.

म्हणजे कोपऱ्याचा दोष नव्हता. निदान सगळा नव्हता. माझा डावा स्पीकर महिनाभर तोंडावर हात ठेवून बोलत होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून काम करत होते. नवख्या पोरानंही आधी मागची बटणं तपासली असती. मी खाटेला शिव्या देत बसले.

बाबा चहा घेऊन आले. मी विचारलं, "हे तुम्ही फिरवलंत?"

"ते होय," बाबा म्हणाले. "उशाशी फार किणकिणायचं गं. दुपारी डोळा लागायचा नाही. फिरवलं तर जरा मऊ झालं."

"मला विचारायचं."

"तुझं काम थांबलं असतं. म्हटलं, कशाला त्रास द्यायचा."

त्रास द्यायचा नव्हता म्हणे. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. शेवटी मी म्हणाले, "आईनं तुमचा रेडिओ भंगारात दिला ते बरंच केलं."

त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला. गादी गुंडाळली, उशी काखेत घेतली, आणि खाटेचे नटबोल्ट काढायला बसले. मी म्हटलं, "राहू दे, मी काढते." तर म्हणाले, "मी जोडली, मीच काढतो." एकेक पाय सुटा करून त्यांनी ती खाट बाहेरच्या खोलीत नेली. मी दारात उभी होते. मदत करू दिली नाही आणि मीही फार आग्रह केला नाही, इतकी संतापले होते.

मग स्वतःच परत आले. "हे टेबल कुठे होतं?" दोघांनी टेबल ओढलं. मी फीत लावून अंतरं मोजली, ते फितीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. स्पीकर जागेवर गेले, बटण खुणेवर आलं. खुर्ची ठेवली. मी म्हटलं, "बसा एकदा. काय बिघडलं होतं ते तरी ऐका."

बाबा बसले. मी त्या संचातल्या गायिकेचं एक गाणं लावलं, मिक्स न केलेलं, जसं आलं होतं तसं. बाबा मान पुढे काढून ऐकत होते. ती बरोबर समोर उभी राहून गातेय असं तिथून वाटतं. स्पीकर दोन बाजूंना, पण गाणारी मध्ये. त्यांनी डोकं डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं, पुन्हा मध्ये आणलं.

"इथूनच का?" त्यांनी विचारलं.

"इथूनच. दोन्हीकडचं सारखं येतं ती जागा एवढीच."

"माणूस एकच मावतो मग."

"हो."

गाणं संपलं तरी ते खुर्चीतच होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईला लिहिलंस त्या पत्रात माझा निरोप घातलास का?"

आता हे तुला सांगायला हवं. आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात बाबांनी तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. तो मी पोचवला नाही. मागच्या पत्रात 'त्यांना यायचंच आहे' असं लिहिलं ते माझ्या पदरचं होतं. त्यांनी तुझी आठवण काढली, हेही माझ्याच पदरचं. जुनी सवय. पण तुझी चौथी ओळही मी त्यांना वाचून दाखवलेली नाही. म्हणजे तुम्हा दोघांचेही निरोप माझ्यापाशीच पडून आहेत.

मी बाबांना म्हटलं, "नाही घातला. घालणारही नाही. तुम्ही जा आणि सांगा."

"ती ऐकून घेणार नाही."

"रेडिओ नाहीये आता घरात. ऐकू येईल."

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. खुर्चीतून उठले, खुर्ची नीट टेबलाखाली सारली, आणि म्हणाले, "रविवारी जातो."

तेव्हा बाबा रविवारी सकाळच्या गाडीनं येत आहेत. मी सोबत नाही. उशी इथेच ठेवून येतील, त्यावरून तू काही अंदाज बांधू नकोस, मीही बांधत नाही. मशीन थोडा वेळ बंद ठेव. ते काय बोलतील ते त्यांचं, तू काय बोलशील ते तुझं. चौथी ओळ म्हणायची असेल तर त्यांच्या तोंडावर म्हण. मला त्यातलं काही मऊ करायला सांगू नका.

रागानं लिहिलंय. पुन्हा लिहून काढलं तर गोड होईल, म्हणून असंच टाकते.

तुमच्या दोघांच्या मधून उठलेली,
पिंगी


२२ सप्टेंबर, रविवार

ती. आईस,

नमस्कार. तू फोनवर हल्ली नीट बोलतेस, तरी पत्र लिहितेय. फोनवर मी विचारून बसेन अशी मला भीती आहे.

त्या रविवारी बाबा संध्याकाळी परत आले. मी दिवसभर काही काम केलं नाही. दार उघडलं तर हातात दुसरी बॅग, आतले कपडे तू इस्त्री करून दिलेले दिसत होते. मी विचारलं, "काय म्हणाली आई?" म्हणाले, "बरी आहे." मग चहा प्याले आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला तर तू म्हणालीस, "बोललो आम्ही." मी विचारलं, काय बोललात. तू म्हणालीस, "तुला काय करायचंय?"

मला काय करायचंय. जन्मभर तुमचा प्रत्येक शब्द माझ्या हातून गेला, आणि ज्या दिवशी तुम्ही खरं बोललात त्या दिवसाचं मला काय करायचंय.

चार दिवसांनी बाबांनी जेवताना एक वाक्य सांगितलं. "आम्ही वेगळं राहायचं ठरवलंय. भांडून नाही." मी घास हातात धरून पुढचं वाक्य येईल म्हणून थांबले. त्यांनी मीठ मागितलं.

आता त्यांनी मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या वरची खोली घेतली आहे. लहान आहे पण उजेड चांगला. खाट नेली, उशी नेली. माझी पुस्तकं तशीच विषयवार आहेत, मला अजून काही सापडत नाही.

कामाचं विचारशील तर, त्या संगीतकाराची गाणी बाहेर आली. दुसऱ्या स्टुडिओतून. मी माझ्या खुर्चीत बसून सगळी ऐकली, चुका शोधायलाच बसले होते. सापडल्या नाहीत. बासरी त्यांनी मागे ठेवली आहे, मी पुढे ठेवली होती. मागेच बरी वाटते. दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही. संगीतकाराला मी बटणाचं कळवलं होतं. 'असं होतं कधीकधी, पुढच्या वेळी बघू' असं सभ्य उत्तर आलं. पुढची वेळ येईल असं मला वाटत नाही. सध्या साबणाची एक जाहिरात करतेय. तीस सेकंदांचं गाणं आणि त्यात पाच वेळा साबणाचं नाव. स्पीकर मात्र जागेवर आहेत, खोटं बोलत नाहीत. साबणाचं गाणं वाईट आहे ते अगदी स्पष्ट ऐकू येतं.

माझा बाबांवरचा राग गेला का विचारशील. नाही गेला. येतात तेव्हा मी अजून पाठीमागची बटणं तपासते, त्यांच्या देखत. तेही बघतात.

काल दुपारी आले होते. फोन वाजला तर उठून जिन्यात गेले. आधी मला वाटलं ग्रंथालयातले जुने स्नेही असतील. मग ऐकलं, "साडेतीन फूट. नाही, रुंदीला. उंची मोजून सांगतो." तू होतीस. त्यांच्या खिडकीच्या पडद्याचं माप विचारत होतीस. त्यांना, सरळ. मी दाराआड उभी राहिले. पोटापाण्यासाठी कान वापरणारी बाई मी, चार भिंतींपलीकडचं ओळखते, पण बाबांनी आवाज खाली केला आणि मला पुढचं एक अक्षर कळलं नाही. मग ते हसले. आई, ते कशाला हसले? नाही, राहू दे.

ते आत आले तेव्हा मी साबणाचं गाणं लावून बसले होते. त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओठ दाबून विचारलं नाही.

पडदे शिवून झाले की माझ्याकडे पाठवू नकोस. त्यांचा पत्ता त्यांनाच विचार. आणि त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. मी विचारीन, मला माझी खात्री नाही, पण तू सांगू नकोस.

पाठीला जप. मशीनवर फार वेळ वाकून बसू नकोस. हे माझं सांगणं आहे, कोणाचा निरोप नाही.

नुसतीच तुझी मुलगी,
पिंगी